सुकाणूचक्रावरील नियंत्रणे : दोषनिदान आणि दुरुस्ती

मोटारीच्या सुकाणूचक्रावर, म्हणजे स्टिअरिंगवर, चालकाच्या अंगठ्याच्या टप्प्यात बसविलेल्या ज्या बटणांनी ध्वनिसंचाचा आवाज कमीअधिक करणे, दूरध्वनी घेणे, वेग स्थिर राखणे, हॉर्न वाजविणे ही कामे रस्त्यावरील नजर न हलविता करता येतात, त्यांचा समावेश या नोंदीत होतो. ही बटणे निकामी झाली म्हणजे गाडी चालावयाची थांबत नाही, आणि त्यामुळेच पुष्कळ मालक ही बाब किरकोळ मानून महिनोन्‌महिने तिच्याकडे काणाडोळा करतात. परंतु ज्या मार्गाने बटणांचा विद्युत्‌प्रवाह जातो त्याच मार्गाने चालकापुढील एअरबॅगचाही जात असल्याने, मुक्या बटणाची तक्रार ही सुरक्षिततेची वर्दी असू शकते, हे या विषयातील मुख्य तत्त्व होय.

फिरत्या चक्रातून स्थिर दांड्यात वीज कशी न्यावी, हा येथील मूळ प्रश्न आहे. ज्या काळी चक्रावर केवळ हॉर्नचे बटण असे, त्या काळी एक धातूचे कडे आणि त्यावर घासणारा स्प्रिंगचा संपर्क एवढ्यावर काम भागे, व क्षणभर संपर्क तुटला तरी कोणाचे बिघडत नसे. एअरबॅगची कल्पना जुनी असून अमेरिकेत जॉन हेट्रिक यास तिचे एकस्व १९५३ मध्ये मिळाले होते. पण १९८० नंतरच्या दशकात ती सर्रास गाड्यांत येऊ लागली, तेव्हा अपघाताच्या क्षणी काही सहस्रांश सेकंदांत प्रवाह खात्रीने पोहोचणे अत्यावश्यक झाले आणि घासत्या संपर्कावर विसंबणे अशक्य ठरले. त्याच्या जागी आली ती घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली, सपाट व लवचीक तारांची फीत. गॅरेजात तिला क्लॉक स्प्रिंग किंवा स्पायरल केबल म्हणतात. एका चपट्या प्लॅस्टिकच्या डबीत ती बसविलेली असते, आणि चक्र वळेल तशी ती आवळते वा सैल होते. मध्यापासून दोन्ही बाजूंस अडीच फेऱ्यांच्या आसपास फिरण्याइतकी तिची लांबी असते, तर चक्र स्वतः प्रत्येक बाजूस सुमारे दीड फेराच फिरते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाल्यामुळे, स्टिअरिंगवर एकही बटण नसलेल्या साध्या गाडीतही आता ही फीत असतेच.

निदानाचा आरंभ पाना हाती घेऊन नव्हे, तर कोणकोणत्या गोष्टी एकदम बंद पडल्या याची नीट विचारपूस करून व्हावा. हॉर्न, सर्व बटणे आणि त्यांच्या जोडीला एअरबॅगचा इशारादिवा अशी लक्षणे एकत्र दिसली, तर फीत तुटली असल्याचा संशय प्रथम घ्यावा. चक्र सरळ असता बटणे चालतात व वळविताच मुकी होतात, किंवा वळविताना दांड्यातून खरखर ऐकू येते, तर तो संशय जवळजवळ निश्चयाप्रत जातो. याउलट हॉर्न वाजतो, दिवा विझलेला आहे, आणि एकच बटण दाद देत नाही, तर कसूर त्या बटणाचीच असण्याचा संभव अधिक. फ्यूज आणि चक्रामागील कप्लर यांची खातरजमा या सर्वांच्या आधी करावी, कारण तिला काही मिनिटे लागतात आणि खर्च शून्य असतो.

आवाज वाढविण्याचे बटण दाबले आणि रेडिओचे केंद्रच बदलले, अशी चमत्कारिक वाटणारी तक्रार अनेकदा येते. तिचे कारण समजण्यास या बटणांची रचना ध्यानी घ्यावी लागते. पुष्कळ गाड्यांत सर्व बटणे एकाच तारेवर असून प्रत्येकास निराळ्या मूल्याचा रोधक जोडलेला असतो. बटण दाबताच तारेवरील, बहुधा ५ व्होल्टचा, दाब ठरावीक प्रमाणात उतरतो व त्यावरून कोणते बटण दाबले हे ध्वनिसंच ओळखतो. बटणाखालील रबरी टोपीच्या कार्बनवर धूळ, घाम वा सांडलेल्या चहाचा थर बसला म्हणजे रोध वाढतो, आणि एका बटणाची खूण दुसऱ्याच्या खुणेशी जाऊन मिळते. अशा वेळी बटणांचा संच उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्क हलक्या हाताने पुसले तर बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागते. अलीकडील गाड्यांत मात्र बटणे स्वतःच संकेतबद्ध संदेश पाठवितात. तेथे रोध मोजण्यास अर्थ उरत नाही आणि स्कॅनरवर प्रत्येक बटणाची नोंद उमटते की नाही हेच पाहावे लागते. मूळ ध्वनिसंच काढून बाजारातला अँड्रॉइड स्टीरिओ बसविल्यावर बटणे बंद पडली असतील, तर बिघाड शोधण्यापूर्वी नव्या संचास एकेक बटण शिकविण्याची तजवीज झाली आहे काय, हे विचारावे.

फितीची तपासणी मल्टिमीटरने करता येते. तिची दोन्ही टोके मोकळी करून बटणांच्या तारांचे सातत्य पाहताना डबी सावकाश फिरवावी, म्हणजे एरवी लपून राहणारी भेग उघडी पडते. मात्र एअरबॅगच्या प्रज्वालकाला मल्टिमीटर कदापि लावू नये. त्याच्या अल्प प्रवाहानेही स्फोट होण्याचा धोका असतो, आणि या एका नियमात सवलत नाही.

फीत तुटते ती नुसती वयोमानाने नव्हे. २०१६ मध्ये २००७ ते २०१० या सालांतील जीप रँग्लर गाड्या परत मागविण्यात आल्या, त्या डबीत धूळ शिरून फितीचा प्रवाह खंडित होऊ शकतो या कारणास्तव. आपल्याकडे दुसरेच कारण पुष्कळदा आढळते, आणि ते टाळण्याजोगे आहे : स्टिअरिंगच्या रॅकचे काम करताना दांडा सोडविला जातो, चक्र मोकळे होते, कोणीतरी ते सहज फिरविते, आणि फितीच्या मर्यादेबाहेर फेरे गेल्याने पुढच्याच वळणावर ती तुटते. दांडा सोडण्यापूर्वी चक्र पट्ट्याने बांधून ठेवणे, एवढी खबरदारी घेणारा कारागीर हा खर्च ग्राहकावर येऊ देत नाही.

तुटलेली फीत सांधण्याचा प्रयत्न करू नये. संपूर्ण घटकच बदलावा. काम सुरू करण्यापूर्वी चाके सरळ करून बॅटरीची ऋण बाजू सोडावी आणि निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेला अवधी थांबावे, कारण एअरबॅगच्या नियंत्रकात साठविलेली वीज बॅटरी सुटल्यावरही काही काळ शिल्लक असते. काढलेली एअरबॅग आच्छादनाची बाजू वर करून ठेवावी. चक्र व दांडा यांवर खूण करूनच चक्र उतरवावे. नवी डबी कुलपाच्या खिळीसह मध्यावर बसविलेली मिळते, व ती खीळ चक्र चढविण्याच्या वेळीच काढावी. खीळ आधीच निघाली असल्यास डबी अलगद एका टोकापर्यंत फिरवून, दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून, त्यांच्या निम्म्यावर परत आणावी. वळणकोन मोजणारा संवेदक ज्या गाड्यांत याच घटकात असतो, तेथे स्कॅनरने त्याचे शून्य पुन्हा ठरविणे भाग असते.

काम झाल्यावर किल्ली फिरविताच एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे; तो लागतच नसेल किंवा विझतच नसेल, तर बटणे कितीही चोख चालोत, दुरुस्ती पुरी झालेली नाही असे समजावे आणि गाडी ताब्यात घेऊ नये.