पुरस्थ कर्करोगाचे रक्तनिदर्शक आणि हृद्रोग : एका उपचाराचा इतिहास

रक्तातील रोगाची खूण ओसरली म्हणजे रोग्याचे आयुष्य वाढले, असा समज वैद्यकात सहज रूढ होतो. तो किती महाग पडू शकतो, हे पुरस्थ ग्रंथीच्या, म्हणजेच प्रोस्टेटच्या, कर्करोगावरील हॉर्मोन-उपचाराच्या इतिहासावरून दिसून येते.

अम्ल फॉस्फटेज हे एंझाइम या ग्रंथीत विपुल असते. कर्करोग हाडांपर्यंत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तरसात त्याचे प्रमाण वाढते, असे न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर व एथेल गटमन यांनी १९३८ मध्ये दाखविले. त्याच वर्षी लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टिल्बेस्ट्रॉल हे पोटात घेता येणारे कृत्रिम स्त्री-हॉर्मोन सिद्ध केले. पुढे १९४१ मध्ये शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी या दोन धाग्यांची सांगड घातली. वृषणे काढून टाकल्यास अथवा स्त्री-हॉर्मोन दिल्यास हे एंझाइम रक्तात घटते व पुरुष-हॉर्मोन टोचल्यास वाढते, असे त्यांना आढळले. रुग्णांच्या वेदनाही शमत. हा उपचार लवकरच सर्वमान्य झाला आणि हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

तथापि रुग्ण खरोखर अधिक जगतात काय, हा प्रश्न उरलाच होता. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६० मध्ये त्याची पद्धतशीर चाचणी आरंभिली. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. रोज ५ मिलिग्रॅम स्टिल्बेस्ट्रॉल घेणाऱ्यांत कर्करोगाचे मृत्यू घटले. परंतु हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढले आणि एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने गेले. पुढील चाचणीत १ मिलिग्रॅमची मात्रा कर्करोगावर तितकीच गुणकारी ठरली.

याच काळात, मध्यम वयाच्या स्त्रियांना हृद्रोहिणीविकार कमी होतो म्हणून स्त्री-हॉर्मोन पुरुषांच्या हृदयाचेही रक्षण करील, अशी अपेक्षा बाळगली जात होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर अमेरिकेत १९६६ पासून तशी चाचणी चालली. मोठ्या मात्रेचा गट नव्या झटक्यांचे प्रमाण वाढल्यामुळे १९७० मध्ये बंद करावा लागला. पोटात घेतलेले हे हॉर्मोन यकृतावर परिणाम करून रक्त गोठविणारे घटक वाढविते, हे त्यामागील एक कारण होय.

१९८० नंतरच्या दशकात अम्ल फॉस्फटेजची जागा पीएसए या प्रथिनाच्या परीक्षेने आणि स्टिल्बेस्ट्रॉलची जागा पुरुष-हॉर्मोन घटविणाऱ्या इंजेक्शनांनी घेतली. तरी २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांना या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकात मधुमेह व हृद्रोग यांविषयीचा इशारा घालावयास लावावा लागला.

हगिन्स यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. रक्तातील निदर्शकानेही खोटे सांगितले नव्हते. त्याने फक्त ग्रंथीची वार्ता दिली. ती संपूर्ण देहाची वार्ता मानली गेली, येथेच चूक झाली. ही चूक उघडकीस आली ती मृत्यूंची, त्यांच्या कारणांसह, काटेकोर नोंद ठेवल्यामुळे.