विद्युत्चाप आणि कोरडा सराव

नेमबाजीच्या इतिहासात पदके व विक्रम यांची नोंद होते. ज्या सरावात एकही गोळी सुटत नाही त्याची क्वचितच होते. पिस्तुलात काडतूस वा छर्रा न भरता, माशी लक्ष्याशी जुळवून चाप ओढावयाचा, यास नेमबाज ‘ड्राय प्रॅक्टिस’ म्हणतात. खर्च वाचतो हा तिचा उघड लाभ. पण तो गौण होय. धक्का व आवाज नसल्यामुळे, चाप सुटतेवेळी माशी किती ढळली हे नेमबाजास स्वच्छ दिसते. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यातील तळवलीसारख्या वस्तीत राहणाऱ्यास घरच्या भिंतीसमोर करता येईल असा सराव हाच; एरवी त्यास सुमा शिरूर यांनी स्थापिलेल्या पनवेलच्या लक्ष्य शूटिंग क्लबासारखे ठिकाण गाठावे लागते.

यांत्रिक चापात घोडा एका खाचेत अडकलेला असतो. खाचेचे पृष्ठभाग झिजले की ओढ बदलते. विद्युत्चापात बोट केवळ विद्युन्मंडल जोडते आणि घोडा सोडण्याचे काम विद्युच्चुंबक करतो. ही योजना ५० मीटर फ्री पिस्तुलात विशेष रुजली, कारण तेथे चापाच्या वजनास किमान मर्यादाच नव्हती; हॅमर्ली १५२ व मोरिनी ८४ ही त्याची उदाहरणे. ती स्पर्धा ऑलिंपिकमध्ये २०१६ साली अखेरची झाली. हवाई पिस्तुलास मात्र किमान ५०० ग्रॅमची अट आहे. तेथे विद्युत्चापाचे मोल हलकेपणात नसून समानतेत आहे: कोरड्या सरावातील ओढ आणि स्पर्धेतील ओढ एकच राहते.

या विश्वासास २५ जुलै २०२१ रोजी टोकियो येथे तडा गेला, असे सामान्यतः सांगितले जाते. १० मीटर प्राथमिक फेरीत मनू भाकर यांचे पिस्तूल बिघडले. १५ मिनिटांहून अधिक वेळ गेला. ५७५ गुणांसह त्या बाराव्या आल्या आणि अंतिम फेरी २ गुणांनी हुकली. अनेक वृत्तांतांनी दोष विद्युत्चापावर ठेवला. परंतु सोबत असलेले प्रशिक्षक, महाराष्ट्राचे नेमबाज रोनक पंडित, यांच्या निवेदनात कॉकिंग लिव्हर तुटल्याचा उल्लेख येतो. लिव्हर हा शुद्ध यांत्रिक भाग. तेव्हा हा प्रसंग विद्युत्चापाविरुद्धचा पुरावा म्हणून सरसकट उद्धृत करणे अभ्यासकास शोभणारे नाही. उरलेल्या वेळात घाईने झाडलेल्या गोळ्यांत त्या हाताची सवय किती टिकली, हे गुणपत्रिकेतील मालिकावार आकड्यांवरून पाहणे अधिक फलदायी ठरेल.