कपाळावर लिहिलेला गुन्हा

मुंबईचा काळा घोडा हा पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत हलवला. त्या घोड्यावर बसलेल्या युवराजाच्या, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डच्या हातावर गोंदण होतं, हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मुली एकमेकींकडे बघायच्या. १८६२ साली तो जेरुसलेमला गेला आणि ख्रिस्ती यात्रेकरूंच्या जुन्या रिवाजाप्रमाणे त्याने क्रूस गोंदवून घेतला. त्याच काळात त्याच्या आईच्या फौजेतून पळालेला शिपाई सापडला, की काखेखाली सुया टोचून इंग्रजी 'डी' अक्षर उमटवत. ती शिक्षा १८७१ साली थांबली.

आपल्याकडचा प्रकार याहून जुना आणि मला फार सलणारा. कंपनी सरकारने बंगालमध्ये १७९७ साली जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवण्याचा कायदा केला. हातपाय तोडण्याची शिक्षा नुकतीच बंद झाली होती. तिच्या जागी ही आली. पळालेला कैदी गर्दीतही ओळखता यावा हा हेतू. १८३० नंतर ठगांच्या कपाळी 'ठग' हा शब्द आला. सरकारी कागदांत या शिक्षेचं नाव 'गोदना', बायाबापड्यांच्या तोंडचंच. आणि जागा कोणती, तर सटवाई जिथे लिहिते ती! माणसं फेटा भुवयांपर्यंत ओढून घेत, केस कपाळावर सोडत. अखेर १८४९ साली हा कायदा गेला.

माझ्या आजीच्या भुवयांमध्ये गोंदलेला ठिपका होता, हनुवटीवर तीन, डाव्या हातावर तुळस. गोंदणारीण दारावर यायची. दिव्याची काजळी पाल्याच्या रसात खलायची, तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायची, टोचून झालं की वर हळद दाबायची. मोबदला सुपातले जोंधळे. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं आजी म्हणायची आणि तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता. पण गोंदलं तेव्हा ती परकरी पोर होती. दोघींनी तिला घट्ट धरलं होतं, ती ओरडत होती, तिला कुणी विचारलं नव्हतं. गोंदणाचं कौतुक करणारे लेख मी आवडीने वाचते. धरून ठेवणाऱ्या त्या दोघी मात्र त्यांत क्वचितच भेटतात. माझ्या या सगळ्या हकिकतीत आपण होऊन सुईपुढे हात धरला तो एका युवराजानेच.

गोदना बंद झाला तरी सरकारला माणसाच्या अंगावरची खूण हवीच होती. १८५८ साली त्याच बंगालमध्ये, जंगीपूरला, विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे बोटांचे ठसे कचेऱ्यांत रुळले ते या वाटेने.

आजोबा रेल्वेत होते. ते गेल्यावर आजीच्या पेन्शनच्या कागदावर 'ओळखीची खूण' या रकान्यात कारकुनाने लिहिलं, 'डाव्या हातावर तुळस गोंदलेली.' खाली तिचा अंगठा. घरी आल्यावर तिने तो कागद मला मोठ्याने वाचायला लावला.

"कपाळावरचा लिवला न्हाई व्हय गं त्यानं?"

पुढच्या कागदात मी तोही लिहिला.