स्वप्नाची साक्ष : दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथा आणि प्रेक्षकांचा एक वाद

१

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार लेखक आणि वाचक ह्यांच्यातील एका करारावर उभा असतो. ह्या कराराची कलमे १९२८–२९ च्या सुमारास स्पष्ट शब्दांत मांडली गेली. अमेरिकेत एस. एस. व्हॅन डाइन ह्यांनी १९२८ साली रहस्यकथालेखनाचे वीस नियम प्रसिद्ध केले; पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स ह्या रहस्यकथा लिहिणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूने आपल्या दहा आज्ञा सांगितल्या. दोघांचाही आग्रह एकच होता : गुन्ह्याची उकल तर्काने व्हावी. भुताखेतांचा हात, परलोकाशी संवाद, कारणावाचून स्फुरलेली आणि तरीही खरी ठरणारी अंतःप्रेरणा ह्या साऱ्यांना तेथे मज्जाव होता. स्वप्नाचा नावाने उल्लेख ह्या याद्यांत नाही. परंतु त्याला उंबरठ्याबाहेर ठेवण्याची तजवीज त्यांत पुरेपूर आहे. पुरावा सार्वजनिक असतो, तो डिटेक्टिव्हाला आणि वाचकाला सारखाच पाहता येतो. स्वप्न मात्र एकट्याचे असते आणि त्याची फेरतपासणी करता येत नाही.

ह्या बहिष्कारात एक उपरोध दडलेला आहे. कार्लो गिन्झबुर्ग ह्या इटालियन इतिहासकाराने १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कलापारखी मोरेल्ली, शेरलॉक होम्स आणि फ्रॉइड ह्या तिघांना एकाच पंक्तीस बसविले आहे. इतरांना क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलावरून दडलेले सत्य हुडकणे ही तिघांचीही रीत. म्हणजे स्वप्नाचा अर्थ लावणारा आणि खुनाचा तपास करणारा हे नात्याने भाऊच ठरतात. असे असताना भावाच्या घरी स्वप्नाला प्रवेश का नसावा? १९४५ साली हिचकॉकने ‘स्पेलबाउंड’ ह्या चित्रपटात तो मिळवून दिला. साल्वादोर दालीने रचलेल्या दृश्यांतील स्वप्नाचा तेथे एखाद्या सांकेतिक लिपीप्रमाणे उलगडा होतो : चेहरा नसलेल्या माणसाच्या हातातील चाक म्हणजे रिव्हॉल्व्हर. प्रत्येक प्रतिमेचा हिशेब चुकता होतो आणि खुनी सापडतो. स्वप्नाला प्रवेश मिळाला खरा, पण तो पुरावा म्हणून; स्वप्न म्हणून नव्हे.

दूरचित्रवाणी मालिकांच्या प्रेक्षकांत पुढे जो वाद माजला त्याचे मूळ ह्या तडजोडीत आहे, असे मला वाटते. त्या वादाकडे चाहत्यांची हौस म्हणून पाहण्याची समीक्षकांची सवय आहे. प्रस्तुत लेखात तो अर्थनिर्णयनाविषयीचा वाद म्हणून पाहावयाचा आहे.

२

प्रथम प्रेक्षकाच्या संशयाचा इतिहास लक्षात घ्यावयास हवा. ‘डॅलस’ ह्या लोकप्रिय अमेरिकन मालिकेत १९८५ साली बॉबी युइंग हे पात्र मरण पावले. १९८६ च्या मे महिन्यात ते स्नानगृहात जिवंत उभे असलेले दिसले आणि सप्टेंबरात असे सांगण्यात आले, की मधले संपूर्ण वर्ष हे त्याच्या घटस्फोटित पत्नीला पडलेले स्वप्न होते. वर्षभर ज्या घटनांत प्रेक्षकाने जीव गुंतविला त्या एका सकाळी पुसल्या गेल्या. ‘डॅलस’ ही काही तपासकथा नव्हे. तथापि पडद्यावरील स्वप्न ही लेखकाची पळवाट असू शकते, ही धास्ती तिने प्रेक्षकाच्या मनात कायमची रुजविली.

ह्या पार्श्वभूमीवर ८ एप्रिल १९९० रोजी डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट ह्यांची ‘ट्विन पीक्स’ ही मालिका सुरू झाली. लॉरा पामर ह्या शाळकरी मुलीचा खून कोणी केला, हा तिचा प्रश्न. तिसऱ्या भागात, १९ एप्रिलला, तपास अधिकारी डेल कूपर ह्याला स्वप्न पडते. लाल पडद्यांची खोली, नाचणारा एक ठेंगणा माणूस, उलटसुलट उच्चारांची विलक्षण बोली. आणि लॉरा त्याच्या कानात खुन्याचे नाव सांगते. जागा होताच तो सहकाऱ्याला दूरध्वनी करतो : खुनी कोण ते मला कळले आहे, पण सकाळपर्यंत थांबता येईल. सकाळ होते आणि नाव त्याच्या स्मरणातून गेलेले असते.

नॉक्सच्या आज्ञेचा ह्याहून धडधडीत भंग कोणता असणार? तरीही प्रेक्षकाने मालिका टाकून दिली नाही. उलट स्वप्नालाच पुराव्याची प्रतिष्ठा दिली. हेन्री जेन्किन्स ह्यांनी १९९५ साली ह्या चाहत्यांवर लिहिलेला निबंध ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. चित्रफिती पुनःपुन्हा पाहून हे चाहते एकेका वाक्याचा छडा लावीत होते, आणि ह्या उद्योगामागे त्यांची एक श्रद्धा होती : लेखक कितीही खोडकर असला तरी त्याच्या मनात आराखडा पक्का आहे. मालिकेने ही श्रद्धा काही अंशी राखलीही. हात मागे वळण्याचा स्वप्नातील उल्लेख लॉराचे हात बांधले गेले होते, ह्या शवतपासणीतील निष्कर्षाशी जुळला. च्युइंगमविषयीचे स्वप्नातील एक निरर्थक वाक्य एका वृद्ध वेटरच्या तोंडी आले आणि त्या क्षणी कूपरला लॉराची कुजबूज आठवली. तिचा बापच खुनी होता.

पण ते स्वप्न मुळात कोठून आले होते? परदेशी चित्रफितीसाठी मालिकेच्या पहिल्या भागाला स्वतंत्र शेवट हवा होता; त्यासाठी चित्रित केलेले दृश्य नंतर मालिकेत स्वप्न म्हणून वापरण्यात आले. म्हणजे ज्याला आराखड्याची किल्ली समजले गेले ते आराखड्याच्या बाहेर जन्मलेले होते. मग चाहत्यांनी लावलेले अर्थ खोटे ठरतात काय? मला तसे वाटत नाही. संहितेचा अर्थ तिच्या निर्मितीच्या कथेने बांधला जात नाही, हे समीक्षेला ठाऊक आहे. परंतु चाहत्यांची श्रद्धा लेखकाच्या आराखड्यावर होती, संहितेवर नव्हे. आणि ह्या दोहोंतील अंतर ह्या उदाहरणात उघडे पडते.

३

येथे भाषेचा एक मुद्दा उपयोगी पडेल. मराठीत स्वप्न ‘पडते’. आपण ते करीत नाही. पाऊस पडावा तसे ते आपल्यावर पडते आणि स्वप्न पाहणारा व्याकरणातही कर्ता नसतो. कथेतील स्वप्न मात्र कोणीतरी रचलेले असते. पात्राच्या बाजूने पडलेले आणि लेखकाच्या बाजूने रचलेले, असे त्याचे दुहेरी अस्तित्व. लिहिलेल्या कथेत निवेदक ‘त्याला असे दिसले’ एवढे म्हणून सावध करू शकतो. पडद्यावरील प्रतिमेला अशी क्रियापदाची सोय नाही. ती नेहमी ‘आहे’ असेच म्हणते. म्हणून प्रेक्षक पात्राचे स्वप्न ऐकत नाही, तो त्या स्वप्नाचा प्रत्यक्ष साक्षीदार होतो.

‘द सोप्रानोज’ (१९९९ ते २००७) ह्या डेव्हिड चेसच्या मालिकेत हा बदल टप्प्याटप्प्याने पाहता येतो. न्यू जर्सीतील माफियाप्रमुख टोनी सोप्रानो मनोविश्लेषक डॉ. मेल्फी हिच्याकडे उपचारासाठी जातो. पहिल्या भागात तो आपले एक स्वप्न तिला सांगतो : बेंबीच्या जागी स्क्रू, तो फिरवून काढला तर शिश्न गळून पडते आणि एक पक्षी ते घेऊन उडतो. हे स्वप्न पडद्यावर दिसत नाही, ते शब्दांत सांगितले जाते आणि त्यावर दोघांचे बोलणे होते. प्रत्येक स्वप्नात अज्ञाताकडे जाणारी, तळ न लागणारी एक जागा असते, असे फ्रॉइडने म्हटले होते आणि तिला ‘नाभी’ असे नाव दिले होते. बेंबीच्या स्क्रूपासून आरंभ करणाऱ्या मालिकेला हे स्मरण असावे.

९ एप्रिल २००० रोजीच्या दुसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागात चित्र पालटते. अन्नविषबाधेच्या ग्लानीत टोनीला स्वप्ने पडतात आणि ती आता आपण पाहतो. मासळीच्या गाळ्यावरील एक मासा त्याचा जिवलग पुसी ह्याच्या आवाजात कबूल करतो, की आपण सरकारचे खबरे आहोत. टोनी उठतो, पुसीच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रणाचे साहित्य शोधून काढतो आणि मित्राला बोटीवर नेऊन ठार करतो. रहस्यकथेच्या भाषेत स्वप्नाने सुगावा दिला. पण मासा टोनीला नवे काहीच सांगत नाही. टोनीला जे ठाऊक होते आणि जे ठाऊक असल्याचे त्याला सोसत नव्हते, तेवढेच तो बोलतो.

१६ मे २००४ रोजीच्या भागाने ह्या वादाला टोक आणले. हॉटेलच्या खोलीत टोनीला पडलेले स्वप्न सुमारे वीस मिनिटे चालते. मृत माणसे भेटतात, एक अभिनेत्री स्वतःच्याच नावाने अवतरते, शाळेतील जुन्या प्रशिक्षकाला मारावयाचे असते आणि ऐनवेळी शस्त्र दगा देते. स्वप्नात त्याचा मावसभाऊ फिल लिओटार्डो ह्याला गोळी घालतो. जाग आल्यावर कळते, की मावसभावाने फिलच्या भावाचा खून खरोखरच केला आहे. प्रेक्षकांत दोन तट पडले. एका तटाने प्रत्येक प्रतिमेची नोंद करून पुढे कोण मरणार ह्याचे आडाखे बांधले. दुसऱ्या तटाने तक्रार केली, की कथानक वीस मिनिटे अडून राहिले. २००६ साली गोळी लागून बेशुद्ध पडलेला टोनी केव्हिन फिनर्टी नावाच्या विक्रेत्याची ब्रीफकेस घेऊन कॅलिफोर्नियातील हॉटेलात वावरताना दिसला, तेव्हा हाच वाद पुन्हा रंगला.

४

वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या ह्या तटांचे गृहीतकृत्य एकच आहे, ते असे, की स्वप्नाने कथानकाचे भाडे भरले पाहिजे. एक तट म्हणतो भरले, दुसरा म्हणतो थकविले. स्वप्नाचे मोल माहितीच्या चलनात मोजावयाचे ह्याविषयी दोघांचे एकमत आहे.

आणि नेमका हाच टोनीचा दृष्टिकोन आहे. माशाने सांगितलेली गोष्ट त्याने खबर म्हणून घेतली आणि तिच्यावर कृती केली. आपल्या झोपेला मित्राचा आवाज का घ्यावा लागला, हे त्याने विचारले नाही. मेल्फीच्या खुर्चीसमोर जो प्रश्न निघू शकला असता तो बोटीवर कायमचा मिटला. पडद्यावर स्वप्न दाखवून मालिकेने मेल्फीची खुर्ची प्रेक्षकाला दिली होती. तीत बसून जो केवळ ‘पुढचा बळी कोण’ एवढेच शोधतो, तो विश्लेषक राहत नाही. टोळीचाच एक चलाख सभासद होतो. ह्या वादात पणाला लागलेली गोष्ट अर्थाइतकीच नैतिकही आहे, ती ह्यामुळे.

ह्याचा अर्थ उकल करणाऱ्यांचे श्रम व्यर्थ होते असा नव्हे. सावध वाचनाची जी शिस्त त्यांनी स्वतःला लावून घेतली ती अनेक व्यावसायिक समीक्षकांत आढळत नाही. त्यांची चूक एवढीच, की उकल झाली म्हणजे वाचन संपले असे त्यांनी मानले. लॉराने कानात सांगितलेले नाव कळणे हा तपासाचा शेवट आहे. ते वाक्य एका मुलीने आपल्या बापाविषयी उच्चारलेले आहे, हे कळणे ही वाचनाची सुरुवात आहे.

१० जून २००७ रोजी ‘द सोप्रानोज’चा शेवटचा भाग एका काळ्या पडद्यावर तुटला. कुटुंब उपाहारगृहात बसलेले, दार उघडण्याचा आवाज, आणि अंधार. आपला दूरचित्रवाणी संचच बिघडला, असे अनेकांना वाटले. तो अंधार मृत्यू की नुसता विराम, ह्यावर वाद चालूच राहिला. स्वप्नांवर कमावलेली सगळी वाचनपद्धती प्रेक्षकांनी त्या अंधारावर वापरून पाहिली. तेथे उलगडण्यासाठी प्रतिमाच नव्हती. होती ती फ्रॉइडने सांगितलेली नाभी. वीस नियमांनी आणि दहा आज्ञांनी जिला दाराबाहेर ठेवले होते, ती गोष्ट अखेर गुन्हेकथेच्या घरात येऊन बसली होती.