एका मेसेजने ऑफिसचे सगळे फोन बंद? ‘रिमोट क्रॅश’ म्हणजे काय

डोंबिवलीतल्या क्लासला किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या ऑफिसला फोन केला की ‘चौकशीसाठी १ दाबा’ असं ऐकू येतं. अनेक ठिकाणी हे काम आता सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर करतं. त्यातलं खूप प्रसिद्ध आणि मोफत मिळणारं नाव म्हणजे ॲस्टेरिस्क. मार्क स्पेन्सरने ते १९९९ मध्ये सुरू केलं.

रिमोट क्रॅश म्हणजे काय?

सर्व्हरला हातही न लावता, लांबून इंटरनेटवरून चुकीचा मेसेज पाठवून सॉफ्टवेअर बंद पाडणं. इंटरनेट कॉलचे मेसेज ‘एसआयपी’ या पद्धतीने जातात. त्यासाठी सहसा ५०६० नंबरचा पोर्ट वापरतात.

२०१८ मध्ये काय सापडलं?

ऑफिसमधला दुसरा फोन बिझी आहे का, हे कळण्यासाठी फोन सर्व्हरला ‘सबस्क्राइब’ मेसेज पाठवतो. उत्तर कोणत्या स्वरूपात चालेल, हे त्यातल्या ‘ॲक्सेप्ट’ ओळी सांगतात. ॲस्टेरिस्कने अशा ३२ ओळींपुरती जागा ठेवली होती, पण ओळी मोजून थांबायची सोय नव्हती. ३३वी ओळ आली की ती शेजारच्या मेमरीत लिहिली जायची आणि प्रोग्राम कोसळायचा. ‘एनेबल सिक्युरिटी’ने हा दोष कळवला. १३.१९.२, १४.७.६ आणि १५.२.२ या व्हर्जनमध्ये तो दुरुस्त झाला.

नुकसान काय?

चालू कॉल तुटतात, नवीन लागत नाहीत. प्रोग्राम आपोआप परत सुरू होईल असं लावून ठेवता येतं, पण तोच मेसेज पुन्हा आला की पुन्हा क्रॅश! कल्याणच्या एखाद्या हॉस्पिटलचा नंबर मध्यरात्री असा गप्प झाला तर? म्हणून मला हा दोष डेटाचोरीइतकाच गंभीर वाटतो.

तुम्ही काय कराल?

तुमच्या मोबाईलमधलं कॉलिंग ॲप अपडेट केलंत तरी सर्व्हर सुधारत नाही. तुम्ही अशा ठिकाणी काम करत असाल, तर सिस्टीम बसवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा:

१. आपलं व्हर्जन कोणतं, त्याला अजून सिक्युरिटी अपडेट मिळतात का?
२. ५०६० पोर्ट सगळ्या जगाला उघडा आहे, की फक्त ओळखीच्या आयपींना?
३. सर्व्हर पडला तर कॉल कोणत्या मोबाईलवर वळतील?

तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर निदान एक साधा मोबाईल नंबर बोर्डावर लिहून ठेवा.