एक खोड, अनेक झाडे

बांबूचे बेट आपण सर्वांनी पाहिलेले असते. बोन्सायमध्येही एका बुडातून अनेक खोडे वर आलेली दाखवण्याची पद्धत आहे. जपानी तिला काबुदाची म्हणतात. आपण बेट-पद्धत म्हणू. कला जुनी आहे. चीनमध्ये ७०६ सालच्या एका थडग्यातील भित्तिचित्रात तबकातली चिमुकली झाडे दिसतात, तर जपानमध्ये १३०९ सालच्या चित्रगुंडाळीत.

मॅपलचे असे बेट करताना काही कोवळ्या रोपांची जुडी बांधतात, किंवा चकतीच्या एकाच भोकातून ती ओवून लावतात. रोपे जाड होतात तशी एकमेकांना रेटू लागतात. दाबाने साली फाटतात, सालीखालचे वाढीचे थर (ऊतककर) एकमेकांना भिडतात आणि सांधले जातात. काही वर्षांनी बुडाशी एकच खोड दिसते.

पण पानगळीचा ऋतू आला की बिंग फुटते! एक खोड आधी लाल होते, दुसरे हिरवेच राहते. प्रत्येक रोप वेगळ्या बीचे, म्हणून प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. बोन्साय करणाऱ्यांना हा दोष वाटतो. शिक्षकाला मात्र यासारखे साधन मिळणे कठीण.

आपल्याकडे ही गोष्ट आंब्याने शिकवली. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी आंब्याची कलमे बांधायला सुरुवात केली, असे मानले जाते. कोकणात रुळलेल्या भेटकलमात कुंडीतले रायवळ रोप हापूसच्या फांदीजवळ नेतात, दोघांची साल थोड्या लाकडासह तासतात आणि जखमेला जखम लावून बांधतात. सांधा जुळल्यावर रोपाचा शेंडा आणि फांदीचे बूड कापले की कलम तयार. खुंट रायवळच राहतो, फळ हापूसचेच येते. सांधा एक झाला तरी जाती एक होत नाहीत, हे बागाईतदार जाणून होता.

शास्त्रज्ञांमध्ये मात्र यावर बराच वाद झाला. १९०७ साली जर्मनीत हान्स विंकलर यांनी टोमॅटो व कामोणी यांचे कलम केले. सांध्यातून फुटलेला एक कोंब अर्धा टोमॅटोचा, अर्धा कामोणीचा निघाला. त्याला त्यांनी ‘कायमिरा’ नाव दिले. इतर काही कोंब त्यांना खरे संकर वाटले. एर्विन बाउर यांनी १९०९ साली पांढऱ्या कडेच्या जिरॅनियमवरून दाखवले की अशा झाडांत दोन प्रकारच्या पेशी थरावर थर राहतात, मिसळत नाहीत. तरी ‘कधीच नाही’ असे फळ्यावर लिहू नये. तंबाखूच्या कलमांत सांध्यापाशी हरितलवकांतील जनुके एका बाजूच्या पेशींतून दुसऱ्या बाजूच्या पेशींत जातात, असे २००९ साली आढळले.

याहून मोठे आश्चर्य रानात होते. वड-पिंपळाच्या कुळातली काही झाडे दुसऱ्या झाडावर रुजून त्याला वेढून टाकतात. १९९१ साली पनामातील अशा १४ झाडांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. त्या १४ झाडांत निदान ४५ वेगवेगळे जीव निघाले! एकाच आधारवृक्षावर रुजलेल्या अनेक बियांची मुळे वाढताना सांधली गेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला ते एकच झाड.

करवीर तालुक्यातल्या गडमुडशिंगीसारख्या गावी मॅपल लावण्यात अर्थ नाही. त्याला विश्रांतीसाठी हवा तसा गारठा कोल्हापूरकडे पडत नाही. पण भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपे फुकट मिळतात. जूनमध्ये निरनिराळ्या ठिकाणची सात-आठ रोपे आणून, बुडाशी कापडी पट्टीने एकत्र बांधून एका कुंडीत लावावीत. पट्टी सालीत रुतू लागली की सोडून पुन्हा बांधावी. प्रत्येक रोपाच्या फांदीवर वेगळ्या रंगाचा सैल दोरा असावा. पिंपळाला तांबूस पालवी फुटते तेव्हा कोणत्या दोऱ्याला कोणत्या तारखेला फुटली, ते मुलांनी वहीत लिहावे. तुलनेसाठी शेजारच्या कुंडीत एकाच उंबराच्या फांद्यांची छाटे लावून असेच बेट करावे. बुडे सांधायला काही वर्षे लागतील, तेव्हा वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी.