मांजर, कुंपण आणि कायदा : एका नकाराधिकाराची कथा (थ्रेड)

१/
२३ एप्रिल १९४९. अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे गव्हर्नर ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी विधिमंडळाने संमत केलेले एक विधेयक स्वाक्षरी न करता परत पाठवले. विधेयकाचा विषय होता : मालकाच्या आवाराबाहेर भटकणारी मांजरे. पुढे १९५२ आणि १९५६ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून आयझेनहॉवर यांच्याकडून पराभूत झालेले ते हेच स्टीव्हन्सन.

२/
मांजरांना आवर घालून कीटकभक्षी पक्ष्यांचे रक्षण करणे, हा हेतू विधेयकाच्या नावातच नोंदवलेला होता. तरतुदी कडक होत्या. मांजराला आवाराबाहेर मोकळे फिरू देणाऱ्या मालकाला दंड. असे मांजर दिसल्यास ते स्वतः पकडण्याची अथवा पोलिसांना बोलावण्याची कोणाही नागरिकाला मुभा. सापळा लावण्यासही परवानगी. हेच विधेयक पूर्वीच्या अधिवेशनांतही मांडले गेले होते आणि त्याची थट्टाही बरीच झाली होती. या खेपेस मात्र ते गव्हर्नरांच्या मेजापर्यंत पोचले.

३/
थट्टा बाजूला ठेवली, तर त्यामागचा प्रश्न फार जुना आहे. एकाच्या जनावराने दुसऱ्याच्या हद्दीत शिरून नुकसान केले, तर त्याची भरपाई कोणी करावी? इंग्लंडच्या कॉमन लॉमध्ये गुरांपुरते उत्तर स्पष्ट होते. गाय, घोडा वा मेंढी शेजाऱ्याच्या शेतात शिरली की मालकाने भरपाई द्यावी. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नसे. कुत्रा आणि मांजर मात्र या नियमातून वगळलेले होते.

४/
हाच भेद ब्रिटिश अमदानीत भारतातही आढळतो. गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या १८७१ च्या कायद्याने पिकात शिरलेले जनावर धरून कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार शेतकऱ्याला दिला. दंड आणि चारापाण्याचा खर्च भरल्यावरच मालकाला जनावर परत मिळे. या कायद्याने केलेल्या 'गुरे' शब्दाच्या व्याख्येत हत्ती आहे, उंट आहे, म्हैस, गाढव, डुक्कर, शेळी आणि करडूही आहे. मांजर नाही. कोंडवाड्याचे दार मांजरासाठी कधी उघडलेच नाही.

५/
मांजराला ही सूट का? याचे उत्तर इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९२६ मध्ये 'बकल विरुद्ध होम्स' या खटल्यात दिले. एकाच्या मांजराने शेजाऱ्याकडे शिरून त्याची कबुतरे आणि बँटम जातीच्या कोंबड्या मारल्या होत्या. न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले नाही. मांजर आपल्या जातीच्या स्वभावानुसार वागले. त्या स्वभावाचा भुर्दंड मालकावर टाकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. कोंबड्या गमावलेल्या शेजाऱ्याच्या हाती काहीच आले नाही.

६/
स्टीव्हन्सन यांनी सिनेटला पाठवलेला संदेशही याच वाटेने जातो. थोडेफार एकट्याने भटकणे हा मांजराचा स्वभावधर्म आहे आणि त्याला दोरी बांधून फिरवणे त्या स्वभावाविरुद्ध आहे, असे त्यांनी म्हटले. मांजरे उंदरांचा बंदोबस्त करतात आणि हे काम त्यांना हद्दी न पाहता करावे लागते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. आज मांजर आणि पक्षी यांच्या भांडणात कायदा उतरला, तर उद्या कुत्रा आणि मांजर, इतकेच काय पक्षी आणि किडा यांच्या भांडणातही त्याला बाजू घ्यावी लागेल, असा त्यांचा मिश्कील इशारा होता.

७/
हा विनोद गाजला. पण संदेशातील सर्वांत गंभीर मुद्दा शेजाऱ्यांविषयी होता. उत्साही नागरिक सापळे घेऊन एकमेकांची मांजरे धरू लागले, तर आळीआळीत वितुष्ट आणि वैर माजेल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. इलिनॉयच्या विधिमंडळाने ती जबाबदारी प्रत्येक शेजाऱ्यावर सोपवली होती, आणि धोका नेमका तिथेच होता.

८/
मग पक्ष्यांची बाजू घेणारे चुकीचे होते काय? मांजरे पक्षी मारतात, हे स्टीव्हन्सन यांनीही मान्य केले होते. न्यूझीलंडमधील स्टीव्हन्स बेटाचा इतिहास तर याहून कठोर आहे. तेथे १८९४ मध्ये दीपगृह सुरू झाले आणि त्याच सुमारास माणसांबरोबर मांजरेही आली. उडता न येणारा लायल्स रेन हा चिमुकला पक्षी त्यानंतर काही वर्षांतच नामशेष झाला. एकाच मांजराने ही जात संपवली, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नाही. बेटावर मांजरे वाढत गेली होती.

९/
म्हणूनच सर्व देशांना एकच उत्तर लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशात, म्हणजे कॅनबेरा परिसरात, १ जुलै २०२२ पासून जन्मलेल्या मांजरांना मालकाच्या आवारातच ठेवणे बंधनकारक आहे. इलिनॉयमध्ये नाकारलेले तत्त्व तेथे स्वीकारले गेले. एक फरक मात्र ध्यानात घ्यावा : हा नियम नव्या पिढीपासून लागू झाला, त्यामुळे तेथील बऱ्याच जुन्या मांजरांचे हिंडणे चालू राहिले.

१०/
भारतात १८६० च्या दंडसंहितेने जनावर मारण्याचा गुन्हा त्याच्या किमतीशी जोडला होता. कलम ४२८ साठी जनावर किमान दहा रुपये किमतीचे असावे लागे. कलम ४२९ मध्ये हत्ती, घोडा, गाय, बैल यांची नावे होती, मांजराचे नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये किमतीची अट उरलेली नाही. शेजाऱ्याच्या मांजराला विष घालणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

११/
बागेतील वाफा उकरणाऱ्या मांजराला हाकलावे, रोपांवर जाळी घालावी, मालकाशी बोलावे. एवढे प्रत्येकाच्या हाती आहे. पण १८७१ चा कोंडवाडा, १९२६ चा निकाल आणि १९४९ चा नकार एकत्र वाचले की एक गोष्ट लक्षात येते. गुरांच्या बाबतीत कायद्याने कुंपणाची बाजू घेतली. मांजराच्या बाबतीत त्याने बहुतेक वेळा कुंपणापलीकडचा प्रश्न दोन शेजाऱ्यांच्या समंजसपणावर सोडला.
(समाप्त)